भोक एवढंसं, हिशेब डोंगराएवढा

तेलविहिरीतून नुसतं तेल सहसा येत नाही. वर येतो तो तेल, पाणी आणि नैसर्गिक वायू यांचा एकत्र लोंढा, आणि त्यात कधीकधी बारीक वाळूही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’मध्ये मे १९७६ पासून हाच लोंढा समुद्रतळाखालून वर येतो आहे. अशा लोंढ्याला लगाम घालण्याचं काम एका भोकाकडे असतं. विहिरीच्या तोंडावर व्हॉल्व्हची उतरंड उभी असते, तिला जगभर ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तिच्या बाजूच्या फांदीवर हे भोक बसवलेलं असतं. त्याचं नाव चोक. पुष्कळदा त्यातून करंगळीसुद्धा जाणार नाही!

या भोकातून दिवसाला किती तेल आणि किती वायू जाईल, हे आधीच कागदावर मांडून दाखवायचं, एवढाच प्रश्न आहे. सत्तरहून अधिक वर्षं इंजिनिअर त्याच्यामागे लागले आहेत. सगळ्या विहिरींना चालेल असं एक सूत्र अजून कुणाला सापडलेलं नाही. पण शोधताना जे काही हाती लागलं, ते भारी आहे.

इंचाचे चौसष्ट भाग

चोकचं माप सांगायची रीतच न्यारी. इंचाचे ६४ भाग करायचे आणि त्यातले किती, ते सांगायचं. ३२ चा चोक म्हणजे अर्धा इंच, १६ चा म्हणजे पाव इंच. एक भाग जेमतेम ०.४ मिलिमीटरचा. आपल्याकडे ‘६ मिलिमीटर बीन’ असंही ऐकू येतं. बीन म्हणजे मधोमध आरपार भोक असलेली, कठीण धातूची बुटकी नळी. प्रवाह वाढवायचा तर आधी ती वाट बंद करायची, आतला दाब सोडायचा, टोपण उघडून जुनी बीन काढायची आणि मोठ्या भोकाची बसवायची. दुसऱ्या जातीच्या चोकला हा खटाटोप लागत नाही. त्यात चाक फिरवलं की सुई पुढेमागे सरकते, किंवा भोकं असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात आणि वाट लहान-मोठी होते.

मग सरळ मोठी बीन घालून भरपूर तेल का काढू नये? कारण विहिरीला फार ओढ लावली की तेलाच्या थराखालचं पाणी आणि वरचा वायू विहिरीकडे धाव घेतात, खडकातली वाळू सुटते आणि मागे राहिलेलं तेल कायमचं अडकू शकतं. म्हणून बीन एकेक पायरीनं वाढवतात, आणि प्रत्येक पायरीला दाब काय म्हणतो ते बघतात.

कोनाचं त्रिभाजन आणि हवेचा झोत

चोकच्या गणिताची पहिली पायरी तेलउद्योगाच्याही आधीची आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये सँ-व्हेनाँ आणि पिएर वांझेल या दोघांनी छोट्या भोकातून हवा किती वेगानं सुटते, याचे प्रयोग केले. हा वांझेल म्हणजे तोच, ज्यानं १८३७ मध्ये सिद्ध केलं की पट्टी-कंपासनं कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असं नाही. दोन हजार वर्षं लोंबकळलेला प्रश्न निकालात काढणारा हा माणूस पुढच्या दोन वर्षांत हवेच्या भोकापाशी बसला होता! वयाच्या ३३ व्या वर्षी तो गेला.

त्या दोघांना दिसलं ते असं: भोकाच्या पलीकडचा दाब कमी करत जा, झोत वाढत जातो. पण एका टप्प्यानंतर पलीकडे कितीही कमी दाब ठेवा, झोत वाढतच नाही. हवेसाठी हा टप्पा म्हणजे अलीकडच्या दाबाच्या साधारण ०.५३ पट. असं का होतं, याचा उलगडा ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८० च्या दशकात केला. पलीकडे दाब घटला, ही बातमी प्रवाहाच्या उलट दिशेनं अलीकडे येते ती ध्वनीच्या वेगानं. भोकाच्या सर्वांत अरुंद जागी हवाच ध्वनीच्या वेगानं पळायला लागली की बातमीला उलटं येताच येत नाही. अलीकडच्या हवेला पलीकडचं काही कळत नाही.

तेलविहिरीला याचा केवढा फायदा! चोकच्या पलीकडे तेल, पाणी आणि वायू वेगळे करणारा सेपरेटर असतो, तिथला दाब दिवसभर वरखाली होत असतो. शेजारची विहीर चालू झाली, कुणी व्हॉल्व्ह फिरवला, काहीही कारण पुरतं. पण चोकमध्ये प्रवाह ‘क्रिटिकल’, म्हणजे अरुंद जागी ध्वनीच्या वेगाला पोचलेला, असेल तर त्यातलं काहीही विहिरीपर्यंत पोचत नाही. खालचा तेलाचा थर निवांत राहतो. मला विचाराल तर चोकची सर्वांत मोलाची कामगिरी हीच.

बुडबुड्यांनी आवाज अडवला

आता खरी गंमत. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर, हवेत सुमारे ३४०. मग पाणी आणि हवा अर्धी-अर्धी मिसळली तर? मधला कुठला तरी आकडा येईल, असं वाटतं ना? येतो फक्त सुमारे २४ मीटर! म्हणजे ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिश नौदलाचे शास्त्रज्ञ ए. बी. वुड यांनी १९३० च्या आपल्या पुस्तकात याचं सूत्र दिलं. कारण असं, की मिश्रणाला वजन मिळतं पाण्याचं आणि लवचीकपणा मिळतो हवेचा. जड आणि मऊ, दोन्ही एकदम. अशा पदार्थातून दाबाची लाट रखडतच जाते.

हे घरी करून बघता येतं. जाड कपात कडकडीत गरम पाणी घ्या, इन्स्टंट कॉफी घाला, ढवळा आणि लगेच चमच्यानं कपाच्या तळाला टकटक करत राहा. सुरुवातीला आवाज खर्जातला येतो. बुडबुडे वर जाऊन फुटत जातात तसा तो चढत जातो. भौतिकशास्त्रात याला ‘हॉट चॉकलेट इफेक्ट’ म्हणतात. फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये त्यावर आख्खा शोधनिबंध लिहिला.

चोकच्या हिशेबात याचा अर्थ असा, की तेल-वायूचं मिश्रण कोरड्या वायूपेक्षा कितीतरी कमी वेगाला अडतं. विहिरीतला दाब वातावरणापेक्षा कैक पटींनी जास्त असल्यामुळे तिथे ध्वनीचा वेगही २४ वर न थांबता बराच वर असतो. पण नेमका किती, ते वायूचं प्रमाण, दाब आणि तापमान यांवर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी चोकच्या आत क्षणोक्षणी बदलतात.

हवेऐवजी वाफ असेल तर कमालच. उकळत्या पाण्यात नुकतीच वाफ धरायला लागली असेल आणि दोघांना एकमेकांत बदलायला पुरेसा वेळ मिळत असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटरपर्यंत उतरतो. माणूस याहून भराभर चालतो! अमेरिकी भूशास्त्रज्ञ सुझन किफर यांनी १९७७ मध्ये हे सविस्तर मांडलं. मग त्यांनी हेच गणित अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ‘ओल्ड फेथफुल’ या गरम पाण्याच्या कारंज्याला लावलं. पुढे त्या कारंज्याच्या नळीत चक्क कॅमेरा सोडण्यात आला. १९९७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षात सुमारे ६.८ मीटर खोलीवर जेमतेम ११ सेंटिमीटर रुंदीची चिंचोळी जागा असल्याचं लिहिलं आहे. निसर्गानं स्वतःच बसवलेला चोक!

एक विहीर, चार सूत्रं, चार उत्तरं

१९५४ मध्ये डब्ल्यू. ई. गिल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या टेन सेक्शन या तेलक्षेत्रातल्या मोजमापांवरून एक सूत्र काढलं. आजही चोकचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच येतं. सूत्र शब्दांत सांगायचं तर असं: दिवसाला किती बॅरल द्रव येतो तो आकडा घ्या, त्याला १० नं गुणा. दर बॅरलमागे किती घनफूट वायू येतो, त्या आकड्याचा ०.५४६ वा घात काढून त्यानं गुणा. मग चोकच्या चौसष्टांशातल्या मापाचा १.८९ वा घात काढून त्यानं भागा. उत्तर म्हणजे विहिरीच्या तोंडाशी असणारा दाब, पौंड प्रति चौरस इंचात. अट एकच, अलीकडचा दाब पलीकडच्यापेक्षा किमान ७० टक्के जास्त हवा.

हिशेब करूनच बघू. दिवसाला ५०० बॅरल, बॅरलमागे ४०० घनफूट वायू, २० चा चोक. गिल्बर्टचं सूत्र म्हणतं, दाब ४५८. याच साच्यात नुसते आकडे बदलून इतरांनीही आपापली सूत्रं दिली आहेत. तीच विहीर रोस यांच्या सूत्रात घातली तर ४३५ येतात. बॅक्सेंडेलच्या सूत्रात ३८८. आणि अचाँग यांच्या सूत्रात ३३६!

यातला चुकीचा कोण? कुणीच नाही. अचाँग यांनी १९६१ मध्ये आपले आकडे व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराखालच्या विहिरींवरून बसवले. तिथलं तेल वेगळं, वायू वेगळा, चोकची घडण वेगळी. प्रत्येक सूत्राच्या पोटात त्या-त्या जागेचं तेल भरलेलं आहे. म्हणून जाणता इंजिनिअर परक्या क्षेत्राचं सूत्र जसंच्या तसं उचलत नाही. आपल्या विहिरींची मोजमापं घेतो आणि आकडे नव्यानं बसवतो. संगणकावर कितीही देखणा आलेख निघाला तरी हे काम टळत नाही, आणि टाळूही नये.

त्या १.८९ या घाताकडे जरा बघा. भोकाचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह दुप्पट होत नाही, ३.७ पट होतो. म्हणून माप जरा चुकलं की आकडे लगेच फसवतात. ८ चा चोक वाळूनं झिजून साडेआठचा झाला, म्हणजे व्यास फक्त ०.२ मिलिमीटरनं वाढला, तरी सूत्रानुसार प्रवाह १२ टक्क्यांनी वाढतो. कागदावर मात्र अजून ‘८’ च लिहिलेलं असतं.

अर्ध्या मिलिसेकंदाची भानगड

गिल्बर्टची वाट निरीक्षणाची. दुसरी वाट भौतिकशास्त्राच्या नियमांवरून आत शिरते. अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठातून १९८६ मध्ये सचदेवा, श्मिट, ब्रिल आणि ब्लेस यांनी दिलेलं मॉडेल या वाटेवरचं सर्वांत परिचित. क्रिटिकल टप्पा नेमका कुठे येतो हेही ते सांगतं, आणि त्याच्या खालच्या, म्हणजे सबक्रिटिकल प्रवाहालाही ते चालतं. तिथे गिल्बर्टचं सूत्र गप्प बसतं.

अडचण कुठे येते? समजा, चोकमधली अरुंद वाट पाच सेंटिमीटर लांब आहे आणि मिश्रण सेकंदाला १०० मीटरनं पळतंय. आत राहायला मिळाला अर्धा मिलिसेकंद! दाब कोसळला की तेलात विरघळलेला वायू बाहेर यायला हवा, पण एवढ्यात तो येतो का? सचदेवांचं मॉडेल म्हणतं, वेळच नाही, वायूचं प्रमाण आत होतं तेवढंच राहतं असं धरा. उलट टोकाचं गृहीतक म्हणजे सगळं क्षणात समतोलाला येतं. खरी गोष्ट या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

दुसरा पेच वेगाचा. वायू हलका, तो चोकमध्ये सुसाट सुटतो. द्रव जड, तो मागे रेंगाळतो. दोघं एकाच वेगानं पळतात असं धरलं की गणित सुटसुटीत होतं, पण उत्तर थोडं सरकतं. म्हणून पुढच्या मॉडेलांनी दोघांच्या वेगातला फरकही हिशेबात घेतला.

शिवाय झोत भोकातून जाताना आणखी आकसतो, त्यामुळे खरी वाट भोकापेक्षाही लहान असते. सपाट फटीतून सुटणाऱ्या द्रवासाठी किर्खोफ यांनी १८६९ मध्ये हे प्रमाण काढलं: पाय भागिले पाय अधिक दोन, म्हणजे ०.६११. वर्तुळाशी काही संबंध नसलेल्या सरळ फटीत पाय कुठून आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वीस अंशांवरचा बर्फ

वायूचा दाब चोकमध्ये एकदम उतरला की तो गार पडतो. ज्यूल आणि थॉमसन यांनी १८५२ मध्ये हे दाखवलं. नैसर्गिक वायूसाठी ढोबळ हिशेब दर बारमागे साधारण अर्धा अंश. १०० बारवरून ४० बारवर आणलं, की तापमान २५ ते ३० अंशांनी खाली! भर उन्हात चोकच्या पलीकडच्या पाईपवर दव आणि हिम धरलेलं दिसतं ते यामुळे.

आत त्याहून वाईट घडू शकतं. वायू आणि पाणी मिळून हायड्रेट तयार होतं. दिसायला बर्फच, पण दाब पुरेसा असेल तर ते २० अंशांनाही टिकतं, आणि काडी लावली तर पेटतं. एक घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६० घनमीटर वायू कोंबलेला असतो. पाईपलाईन तुंबवणारा हा पदार्थ साधा बर्फ नाही, हे १९३४ मध्ये हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून चोकच्या अलीकडे मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल सोडण्याचे बेत आखले जातात, आणि ते कधी व किती सोडायचं हेही चोकचं मॉडेलच सांगतं.

वाळूचं सांगायचं तर, ती चोकचं पोलाद खरवडून टाकते. म्हणून आतले भाग टंगस्टन कार्बाइडचे करतात. तेही झिजतात, फक्त सावकाश.

घरातलाच चोक

जुन्या पद्धतीच्या घरगुती फ्रिजच्या मागे केसासारखी बारीक तांब्याची नळी असते. आतला व्यास मिलिमीटरहून कमी, लांबी दोन-तीन मीटर. द्रव रेफ्रिजरंट तिच्यात शिरतो, वाटेतच उकळायला लागतो आणि द्रव-वायूचं मिश्रण होऊन बाहेर पडतो. टोकाशी प्रवाह बहुधा क्रिटिकलच असतो. तेलविहिरीवरचं गणित आणि हे गणित सख्खी भावंडं आहेत.

नळीत गोळा अडकतो तेव्हा

पाईपमध्ये तेल आणि वायू नेहमी गुण्यागोविंदानं नांदत नाहीत. समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या उभ्या पाईपच्या पायथ्याशी द्रव साचतो, वाट बंद होते, मागे वायू कोंडतो, आणि मग सगळा साठा धडाड्कन वर फेकला जातो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या गोळ्यांना स्लग म्हणतात. वरच्या टोकाला चोक थोडा आवळला की ही उसळी शांत होते. जास्त आवळला तर उत्पादन घटतं, कमी आवळला तर स्लग चालूच. आता संगणक सेकंदासेकंदाला दाब वाचून चोक आपोआप हलवतो. दक्षिण बसई क्षेत्रातला वायू समुद्राखालून गुजरातमधल्या हजिऱ्याला पोचतो, तिथेही असे गोळे झेलायला स्लग कॅचर बसवलेला आहे.

अणुभट्टी आणि ज्वालामुखीचा देश

तेलाइतकीच या गणिताची गरज अणुऊर्जेला भासली. भट्टीचा पाईप फुटला तर तापलेलं पाणी किती वेगानं निसटेल, यावर सगळी सुरक्षा बेतलेली. निसटणारं पाणी वाटेतच उकळतं, म्हणजे पुन्हा द्रव-वायूचं मिश्रण. स्वीडनमध्ये मार्विकेनला एक अणुवीज केंद्र बांधून झालं, पण त्यात इंधन कधी भरलंच नाही. त्या रिकाम्या भट्टीच्या प्रचंड पात्रात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात खऱ्या मापाच्या तोट्यांतून गरम पाणी सोडून चाचण्या झाल्या. आजही नवं मॉडेल आलं की ते मार्विकेनच्या आकड्यांवर घासून बघतात.

न्यूझीलंडच्या वैराकेईला जमिनीतून वाफ आणि पाणी एकत्र उसळतं. तिथे रसेल जेम्स यांनी १९६२ मध्ये फार सुंदर युक्ती मांडली. प्रवाह पाईपच्या तोंडाशी क्रिटिकल होतो, म्हणून अगदी ओठावरचा दाब हवेच्या दाबापेक्षा जास्त राहतो. तेवढा एक दाब मोजायचा, मिश्रणातल्या उष्णतेचा अंदाज घ्यायचा, की एकूण प्रवाह कळला. वाफ आणि पाणी वेगळं काढायची गरज नाही.

एका बॅरलचे ४३०० डॉलर

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या विहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. ११ माणसं गेली आणि दीड किलोमीटर खोल समुद्रतळावर विहीर उघडी पडली. किती तेल वाहतंय? पहिला जाहीर आकडा दिवसाला १,००० बॅरल, मग ५,०००. अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांचा शेवटचा अंदाज निघाला गळतीच्या सुरुवातीला ६२,००० आणि अखेरीस ५३,०००! तेल आणि वायू मिसळून तुटक्या पाईपातून उसळत होते, आणि वायूचं प्रमाण किती धरायचं यावरच उत्तर हलत होतं.

अखेर विहिरीवर नवं झाकण चढवलं गेलं. १५ जुलैला त्यावरचा चोक टप्प्याटप्प्यानं आवळत नेला, दर टप्प्याला दाब वाचला, आणि दुपारी प्रवाह थांबला. त्या झाकणावर मोजलेल्या दाबांनीच सरकारी अंदाजाला सर्वांत भक्कम आधार दिला. सरकारच्या हिशेबानं विहिरीतून एकूण ४९ लाख बॅरल निघाले होते. विहिरीच्या मालक कंपनीच्या तज्ज्ञांचं गणित बरंच खाली येत होतं. न्यायालयात दोन्हीकडच्या मॉडेलांची उलटतपासणी झाली. जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की विहिरीतून ४० लाख बॅरल निघाले आणि पकडलेलं तेल वजा करता ३१ लाख ९० हजार बॅरल समुद्रात गेले. दंडाची कमाल मर्यादा बॅरलमागे ४,३०० डॉलर होती, म्हणजे फक्त आकड्यांच्या या फरकानं कमाल दंड अब्जावधी डॉलरनं खाली आला. पुढे तडजोडीत जलप्रदूषणाच्या कायद्याखालचा दंड साडेपाच अब्ज डॉलर ठरला.